मावशीची पोपटी हॅट

माझी मावशी एकतीस वर्षं घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नोकरीला होती आणि त्या एकतीस वर्षांत तिने एकही शर्यत पाहिली नव्हती. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी थट्टा करतेय. पण तिची खोलीच तशी होती. प्रेक्षकांच्या मोठ्या स्टँडखाली, पाच पायऱ्या उतरून, लांबट बोळाच्या टोकाला. खिडकी होती, पण ती मागच्या अंगणात उघडायची. तिथून बादल्या, पाण्याचे पाइप आणि वाळत घातलेली घोड्यांची पांघरुणं दिसायची. घोडा मात्र एखाद्या वेळी, तोही शेपटीकडून.

त्या खोलीला सगळे रंगखोली म्हणत. जॉकीच्या अंगात जो रेशमी सदरा असतो, त्याचा रंग जॉकीने निवडलेला नसतो. तो घोड्याच्या मालकाचा असतो. कोणाचा लाल-काळा, कोणाचा पिवळ्यावर निळे ठिपके, कोणाचा पांढरा आणि बाह्या तेवढ्या जांभळ्या. असे दीडशेच्या वर सदरे आणि त्यांच्या जोडीच्या टोप्या मावशीच्या कपाटांत टांगलेल्या असत. ते धुणं, इस्त्री करणं, उसवलेलं शिवणं आणि शर्यतीच्या दिवशी ज्याचे त्याच्या हातात देणं हे तिचं काम.

शर्यत सुरू झाली की वर हजारो पाय एकदम उठायचे आणि छत थरथरायचं. ही मान वर न करता सुईत दोरा ओवायची. कोण जिंकलं ते तिला सदरे परत आले की कळायचं. मैदान ओलं असलं की पुढच्या घोड्याच्या टापांचा चिखल मागच्यांच्या अंगावर उडतो. ज्याचा सदरा छातीशी स्वच्छ, तो पुढे होता. ज्याचा मूळ रंगच ओळखू येत नाही, तो शेवटचा. "मला निकाल धुवायला येतो," असं ती म्हणायची.

आणखी एक गोष्ट. मावशी कायम राखाडी नाहीतर मातकट कपड्यांत असायची. लहानपणी मला वाटायचं, हिला हौसच नाही. खरं कारण मला फार उशिरा कळलं. जॉकी मंडळी भारी शकुन-अपशकुनवाली. एखाद्या सकाळी तिने गळ्यात हिरवा रुमाल जरी बांधला, तरी कोणीतरी म्हणणार, मावशी आज त्यांच्या बाजूने. मग दुसऱ्या कोणाच्या सदऱ्याचं बटण निघालं तरी संशय हिच्यावर. म्हणून नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात तिने ठरवून टाकलं की ज्या रंगाला मालक नाही, तोच रंग आपला.

बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच राहायची. आई तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, पोस्टातून निवृत्त झालेली, आणि शिस्तीची. बहीण जुगाराच्या जागी नोकरी करते, हे आईला इतक्या वर्षांत पचलं नव्हतं. कोणी विचारलं, "बहीण काय करते?" की ती म्हणायची, "शिवणकाम." "कुठे?" "एका संस्थेत." पुढचा प्रश्न यायच्या आत ती चहाला उठायची.

मावशी निवृत्त झाली तेव्हा मैदानाच्या ऑफिसने तिला एक पाकीट दिलं. त्यात हंगामातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचे दोन पास होते, सभासदांच्या खास स्टँडचे. ती संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते पास उलटसुलट करून बघत होती. मी शाळेतून नुकतीच आले होते, तपासायच्या वह्या पिशवीत तशाच होत्या.

"खाली काहीतरी बारीक लिहिलंय," ती म्हणाली. "वाच ग."

मी वाचलं. स्त्रियांनी शोभेची हॅट घालणे आवश्यक आहे.

मावशीने पास टेबलावर ठेवले. "संपलं म्हणजे. दे कोणालातरी."

"का? हॅट घे की एक."

"माझ्या डोक्यावर?" तिने स्वतःच्या अंबाड्याला असा हात लावला, जसं काही ते डोकं दुसऱ्या कोणाचं होतं.

आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती न वळता म्हणाली, "या वयात टोप्या घालून मिरवायचं?"

माझा अनुभव असा, की मावशीला एखादी गोष्ट करायला लावायची असेल तर आईने ती करू नको म्हणावं. मावशीने पास पुन्हा हातात घेतले. मग म्हणाली, "दुसऱ्या पासावर तू चल."

"मी? तिथे? लोक काय म्हणतील?"

"लोक सगळे तिथेच असतात त्या दिवशी. म्हणायला घरी राहतंय कोण?"

आईने नळ सोडून भांडी घासायला घेतली. पण नाहीही म्हणाली नाही.

शनिवारी मी आणि मावशी हॅटच्या दुकानात गेलो. अरुंद दुकान, एका भिंतीला आरसे, दुसऱ्या भिंतीला खुंट्यांवर हॅटच हॅट. गवताच्या, दाबलेल्या लोकरीच्या, जाळीच्या, पिसांच्या. एकीवर तर अख्खी फळांची टोपली होती. दुकानाची मालकीण ठेंगणी, जाडजूड, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. तिने मावशीला नखशिखांत पाहिलं आणि एक रुंद पिवळी हॅट काढून तिच्या डोक्यावर ठेवली.

"छान दिसते!" मी म्हणाले.

"हा पेंढीवाल्यांचा पिवळा," मावशी म्हणाली.

"कोण पेंढीवाले?"

"सात घोडे आहेत त्यांचे."

निळी आली. तो मैदानाच्या अध्यक्षांचा निळा निघाला. डाळिंबी आली, तो कोणा विधवा बाईंचा, आणि त्यांचा मुलगा फार तिरसट. पांढरी म्हणावी तर पांढरा तिघांचा. मी कपाळाला हात लावला. बरं, प्रत्येक हॅट खाली उतरवली की मावशी ती उलटी करायची आणि आतून न्याहाळायची. तिसऱ्या हॅटला म्हणाली, "ही फीत चिकटवलीय." पाचवीला म्हणाली, "इथे टाका सुटलाय." मालकिणीचा चेहरा तांबडा व्हायला लागला. मला वाटलं, आता आपल्याला दार दाखवणार.

शेवटी मावशीने कोपऱ्यातली एक लहानशी राखाडी हॅट उचलली. काठ नाही, फूल नाही, काही नाही. "ही द्या."

मालकिणीने ती तिच्या हातातून काढून घेतली. "ही मी विकणार नाही तुम्हाला."

"का?"

"ही अंत्यविधीला जातानाची आहे." तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "बाई, तुम्ही शिवता ना? कळलं मला केव्हाच. चिकटवलेलं आहे ते तुम्ही ओळखलंत, कबूल. पण मघापासून तुम्ही मला दुसऱ्यांचेच रंग सांगताय. तुम्हाला स्वतःला कोणता आवडतो?"

दुकानात एक पंखा फिरत होता, त्याने भिंतीवरची पिसं हलत होती. मावशी त्या पिसांकडे बघत राहिली. मला वाटलं, तिला राग आला. पण नंतर मला समजलं की ती खरंच विचार करत होती. तो प्रश्न तिला इतक्या वर्षांत कोणी विचारलाच नसावा, आम्हीसुद्धा नाही.

"पोपटी," ती हळूच म्हणाली. आणि लगेच, "पण तो दातांच्या डॉक्टरांचा आहे. लोकांना संशय येईल, मी त्यांच्या बाजूची."

"कोण हे डॉक्टर?"

"त्यांचा एकच घोडा आहे. अकरा वर्षं झाली, कधी जिंकला नाही."

"मग तर कोणाला संशय येणार नाही," मालकीण म्हणाली, आणि पहिल्यांदाच दोघी हसल्या.

पोपटी हॅट दुकानात नव्हतीच. ती करावी लागली. मालकिणीने गवताचा सांगाडा रंगवून दिला, काठ एका बाजूला किंचित वर वळवून. बाकी सगळं मावशीने आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर केलं. रेशमाची पानं कापली, प्रत्येकाची कड आत दुमडून शिवली, मधोमध शीर काढली. पानं तरी किती, एकोणीस! मी म्हटलं, "कोण बघणार आहे ग उलटं करून?" ती म्हणाली, "मी."

आई येता-जाता नाक मुरडायची. पण तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, ती दिव्याखाली एक पान धरून बघत होती. मला बघताच तिने ते खाली ठेवलं आणि टेबल पुसायला लागली. स्वतःसाठी तिने शेजारणीकडून गडद निळी हॅट मागून आणली. ती आईच्या भुवयांपर्यंत उतरायची. आत वर्तमानपत्राचा कागद कोंबला तेव्हा कुठे तिला समोरचं दिसायला लागलं.

माझ्याकडे पास नव्हता, पण मी साधं तिकीट काढलं. दारातून आत गेल्यावर कठड्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे त्या दोघी, अशी आमची व्यवस्था होती.

शर्यतीच्या दिवशी सकाळी आम्ही बसमधून उतरलो आणि मावशी सवयीने मागच्या फाटकाकडे चालायला लागली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने हात आडवा केला. "बाई, प्रेक्षकांना पुढून."

"अरे, मी."

त्याने वाकून हॅटच्या काठाखाली पाहिलं आणि जागच्या जागी उडाला. "मावशी! तुम्ही!" मग स्वतःला सावरून म्हणाला, "तरीसुद्धा पुढूनच जा. आज तुमचा मान पुढून आहे."

पुढच्या दारापर्यंत लांबून वळसा घालावा लागला. मावशीची चाल हळूहळू बदलत गेली. आधी ती खाली मान घालून, जणू कोणी बघत नाही ना अशा बेताने चालत होती. पण हॅट घातली की मान खाली घालता येत नाही, काठ डोळ्यांवर येतो. मग नाइलाजाने तिने हनुवटी वर केली, आणि ती तशीच राहिली.

सभासदांचा स्टँड म्हणजे बागच फुललेली. ताटाएवढ्या, परातीएवढ्या हॅट. एकमेकींशी बोलताना बायकांना तिरकं व्हावं लागत होतं. आई कठड्याला चिकटून बसली, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरून. जरा वेळाने शेजारची एक उंची कपड्यातली बाई मावशीकडे वळली. "काय सुरेख पानं आहेत! कुठून घेतलीत?"

मावशी गडबडली. ती काही बोलायच्या आत आई म्हणाली, आणि चांगलं खणखणीत म्हणाली, "घेतली नाहीत. माझ्या बहिणीने स्वतः केलीत. एकतीस वर्षं ती इथले सगळे सदरे सांभाळत होती."

मी कठड्याच्या अलीकडून आईकडे बघतच राहिले. ती समोर मैदानाकडे बघत होती, जसं काही झालंच नाही.

तेवढ्यात एक उंच, वाळकासा म्हातारा माणसांतून वाट काढत आला. गळ्यात पोपटी टाय. तो मावशीच्या पुढ्यात उभा राहिला आणि डोक्यावरची हॅट काढून हातात धरली.

"माफ करा, आपली ओळख नाही. पण अकरा वर्षांत माझ्या रंगात इथे कोणी आलेलं नाही. माझी बायकोसुद्धा नाही. ती म्हणते, हा रंग आजारी माणसासारखा दिसतो." त्याने टाय सरळ केला. "तुम्ही माझ्या घोड्यावर विश्वास ठेवण्याचं कारण कळेल का?"

मावशीची पंचाईत झाली. खरं सांगावं तर म्हातारा दुखावणार आणि खोटं तिला जमत नाही. "डॉक्टर," ती म्हणाली, "घोड्याचं मला काही ठाऊक नाही. मला हा रंग आवडतो. तुमच्या सदऱ्याची कॉलर मी दोनदा बदललीय. डावा खिसा आतून शिवून टाकलाय, कारण तुमचा जॉकी त्यात गोड गोळ्या ठेवायचा आणि मुंग्या यायच्या."

डॉक्टर एकदम हसत सुटले. "म्हणजे त्या मावशी तुम्ही!" आणि ते तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले ते बसलेच.

मोठ्या शर्यतीला दहा मिनिटं होती. तेव्हा खालच्या जिन्यातून धावत एक बाई वर आली. रंगखोलीत मावशीच्या जागी आलेली. चाळिशीची असेल, गळ्यात मापाची फीत, तोंड पांढरं पडलेलं.

"मावशी, लाल-काळ्याचा खांदा गेला. घालताना फाटला. टर्रकन. चला ना, दोन मिनिटं!"

मावशी उभी राहिली. ठरवून नव्हे, पाय आपोआपच उठले. एकतीस वर्षं कोणी हाक मारली की ती अशीच उठायची. पर्ससुद्धा हातात घेतली. तिने जिन्याकडे पाहिलं, मग मैदानाकडे. घोडे अजून आत आले नव्हते. पांढऱ्या कठड्यांमधला तो हिरवा पट्टा उन्हात मोकळा पडला होता.

"कापड फाटलंय की शिवण?" तिने विचारलं.

"शिवण."

"मग दोरा दुहेरी घे. आतून एक पट्टी लाव, दुसऱ्या खणात तयार ठेवलीय. टाका उलटा घाल आणि जॉकीला हात वर करून उभं राहायला सांग, म्हणजे ताण बसणार नाही."

"पण माझे हात थरथरतायत."

"माझेही थरथरायचे. सुईला कळत नाही ते." मावशी खाली बसली. "जा. मी नाही येणार आज. तुला येतं."

ती बाई क्षणभर घुटमळली आणि पळत खाली गेली. मावशीने पर्स पायाशी ठेवली. तिचा जीव मात्र टांगणीला लागला होता. हाताची बोटं मांडीवर न दिसणारी शिवण घालत होती. आईने आपला हात त्या बोटांवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

घोडे आले. एक, दोन, करता करता नऊ. डॉक्टरांनी आपली दुर्बीण मावशीला दिली. तिने ती डोळ्यांना लावली आणि घोडे सोडून आधी लाल-काळ्याचा खांदा शोधला.

"टाके मोठे आहेत," ती म्हणाली. "पण धरतील."

मग शर्यत सुटली. याचं वर्णन ती नंतर बरेचदा करायची, आणि दर वेळी तिला एकच गोष्ट सांगायची असायची, की लांबून घोडे पळतात तेव्हा आवाज येतच नाही. समोरच्या बाजूला रंगांची एक ओळ गवतावरून सरकत होती, एखाद्याने हातातून फीत सोडावी तशी. तिने सगळे रंग ओळखले. पेंढीवाल्यांचा पिवळा, अध्यक्षांचा निळा, तिरसट मुलाच्या आईचा डाळिंबी. कपाटात ते गप्प टांगलेले असायचे. इथे ते वाऱ्याने फुगले होते, त्यांच्या आत माणसं होती. मग ओळ वळणावरून आली आणि आवाज आला. आधी पायांखालून, नंतर कानांत. सगळा स्टँड उठला. जो तो आपापल्या घोड्याच्या नावाने ओरडत होता.

मावशीला कोणा एकाचं नाव घेता येईना. ती उभी राहिली आणि सगळ्यांनाच ओरडून म्हणाली, "सांभाळून! अरे, सांभाळून!"

आई तिच्याहून मोठ्याने ओरडत होती. काय, ते तिचं तिलाच माहीत. निळी हॅट तिच्या नाकापर्यंत आली होती आणि तिने ती वर करायचीही तसदी घेतली नव्हती.

लाल-काळा जिंकला. डॉक्टरांचा घोडा चौथा आला. डॉक्टरांनी मावशीचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. "चौथा! बाई, चौथा! आजवर सहाव्याच्या पुढे नव्हता आला!" जिंकलेल्या मालकालाही एवढा आनंद झाला नसेल.

गर्दी ओसरल्यावर आई म्हणाली, "तुझी खोली दाखव."

मावशीने आम्हा दोघींना पाच पायऱ्या उतरवून नेलं. नवी बाई सदरे मोजून टांगत होती, मावशीला पाहून तिचे डोळे भरून आले, पण बोलली एवढंच, "धरले." मावशीने लाल-काळ्याचा खांदा उजेडाकडे धरला, आतून पाहिला आणि मान डोलावली. आई दाराशी उभी होती. तिने कपाटं पाहिली, इस्त्री पाहिली, खिडकीबाहेरच्या बादल्या पाहिल्या. मग ती मावशीच्या स्टुलावर बसली. ते स्टूल मधोमध खोलगट झालं होतं.

"इथे बसायचीस?" तिने विचारलं.

"हो."

"उजेड कमी आहे ग."

"दुपारी बरा असतो."

घरी येताना बसमध्ये आईने मावशीला खिडकीची जागा दिली. ती जागा आई कधी कोणाला देत नाही.

पुढच्या वर्षी डॉक्टरांचं पत्र आलं. घोड्याचं वय झालं, आता तो पळणार नाही. गावाबाहेर भावाच्या कुरणावर सोडलाय, कधी वाटलं तर बघायला या. एका रविवारी आम्ही तिघी गेलो. घोडा कुंपणापाशी उभा होता, तपकिरी, पोट जरा सुटलेलं, डोळे अर्धे मिटलेले. डॉक्टर म्हणाले, "हात लावा, काही करत नाही."

मावशी पुढे झाली आणि थबकली. इतक्या वर्षांत तिने घोड्याला कधी हात लावला नव्हता. तसा प्रसंगच आला नव्हता. तिने तळवा हळूच त्याच्या मानेवर टेकवला. घोड्याने कातडी एकदा थरथरवली आणि मग तो शांत उभा राहिला.

आई चार पावलं मागे होती. "कसा लागतो ग?" तिने विचारलं.

"गरम आहे," मावशी म्हणाली. "ये ना. इकडून ये, त्याला दिसशील अशी."